खांबेट्यांचं खोबरेल

श्यामसुंदर खांबेटे जिना चढताना दिसले की कोलकात्याच्या बेहाल्यातल्या त्या तीन मजली इमारतीतले लोक आपापल्या बिघडलेल्या वस्तू लपवत. पहिल्या मजल्यावरच्या मंदाकिनी घोष यांनी एकदा करकरणारा टेबलपंखा पायाने पलंगाखाली ढकलला होता, कारण खांबेटे वर्तमानपत्र परत द्यायला दारात उभे होते. पलंगाखालीही तो करकरत राहिला. खांबेट्यांनी वाकून तो बाहेर ओढला, मांडीवर घेतला आणि पाऊण तासाने त्याचा आवाज बंद केला. घोषबाईंनी आभार मानले. त्यावर खांबेटे म्हणाले, "आभार कसले मानता? पंख्याला वर्षातून एकदा तेल लागतं एवढं कळू नये याची लाज वाटायला हवी." त्यांचे उपकार असे असत. घेणाऱ्याच्या घशाखाली उतरत नसत.

मराठी मंडळातही तीच गत. गणपतीच्या दिवसांत माइक खरखरला की कार्यकर्ते आधी खांबेटे कुठे बसलेत ते बघत, आणि ते हॉलमध्ये असले तर खरखर होतच नाही असं धरून आरती पुढे चालू ठेवत.

माणूस अडाणी नव्हता, हीच खरी अडचण होती. अडाण्याला गप्प बसवता येतं. खांबेटे पंचविशीत साताऱ्याहून निघाले ते नोकरीसाठी थेट कोलकात्याजवळच्या बजबजच्या एका तेलाच्या डेपोत येऊन पडले, आणि पंप, झडपा आणि नळ यांची देखभाल करण्यात त्यांनी तिथे चौतीस वर्षं काढली. त्यांच्या हाताखालची झडप कधी अडली नाही हे डेपोत त्यांचे शत्रूही मान्य करत. शत्रू पुष्कळ होते.

त्यातला सुरेश माइती मुळात शत्रू नव्हता, त्याला खांबेट्यांनी केला. भट्ट्यांसाठी लागणारं जाड काळं तेल थंडीत नळातच थिजतं, म्हणून त्या नळाला लगटून वाफेची बारीक नळी नेलेली असते आणि गारठा पडला की तिच्यातून वाफ सोडायची असते. एका जानेवारीत सुरेश ती वाफ सोडायला विसरला. सकाळी नळ दगडासारखा घट्ट आणि फाटकाबाहेर टँकरांची रांग. सुरेशने हात जोडले आणि म्हणाला, चूक झाली, विसरलो. खांबेट्यांनी चाळीस माणसांसमोर त्याला ऐकवलं, "मुद्दाम केलं असतंस तर मी तुला माणूस म्हटलं असतं. मुद्दाम करणाऱ्याला निदान डोकं असतं. तेलात जन्म काढून तेल थिजतं हे विसरणारा गाढवापेक्षा गाढव." एवढ्यावर ते थांबले नाहीत, लेखी तक्रार केली, आणि सुरेशची बढती सहा वर्षं अडकून पडली. खांबेट्यांच्या निरोप समारंभाला सुरेश आला नाही. खांबेट्यांना याचं आश्चर्य वाटलं, आणि ते आश्चर्य अगदी खरं होतं.

घरात ते, आणि त्यांची एकुलती एक मुलगी जान्हवी. विजयाबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्या होत्या तोवर बापलेकींमधल्या दुभाष्याचं काम त्या करत. बापाचं वाक्य त्या निम्मं करून मुलीला सांगत आणि मुलीचं वाक्य त्यात साखर घालून बापाला. त्या गेल्यावर दोघांना एकमेकांची वाक्यं आहेत तशी पुरी ऐकू यायला लागली, आणि घराची पार रया गेली. जान्हवी इथेच जन्मली, इथेच शिकली. राग आला की ती बंगालीत बोले. मराठी तिच्या आईची भाषा, ती भांडणासाठी काढायची तिची तयारी नसे. खांबेट्यांना बंगाली उत्तम समजत होतं, पण अशा वेळी ते न समजल्याचं सोंग घेऊन "काय म्हणालीस?" असं पुन्हा विचारत. याने भांडण दुप्पट लांबे.

आता त्या माउसबद्दल. गेल्या दुर्गापूजेच्या दोन-तीन आठवडे आधी घरातल्या कॉम्प्युटरच्या माउसचं डावं बटण बिघडलं. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होई. पडद्यावरची एक खिडकी बंद करायला जावं तर मागचीही बंद. जान्हवी एका विमा कंपनीत अधिकारी होती आणि कचेरीत नव्याने येणाऱ्यांना शिकवायचं कामही तिच्याकडे होतं. सगळ्या नोकरीत तेवढं एकच काम तिला मनापासून आवडे. त्याचे धडे ती सुट्टीच्या दिवशी घरी बसून तयार करी. दोन धडे असे न साठवताच बंद झाले तेव्हा ती म्हणाली, "मी नवीन माउस आणते."

"घरात माणूस जिवंत असताना?" खांबेटे म्हणाले.

"बाबा, माउस आहे तो. मरतो. दुसरा आणतात."

"वस्तू मरत नाहीत. लोक त्यांना मारतात."

पहिल्या रविवारी त्यांनी माउसवर काच पुसायचं निळं पाणी मारलं. दोन दिवस तो मुकाट पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा एकाचे दोन करायला लागला. दुसऱ्या रविवारी त्यांनी जान्हवीच्या कपाटातून, तिला न विचारता, नखांचं पॉलिश काढायची बाटली आणली. त्या द्रावणाने प्लास्टिकच विरघळलं आणि डाव्या बटणावर बोटाच्या पेराएवढा पांढरट चट्टा पडला. जान्हवी बंगालीत बरंच काही बोलली. खांबेट्यांनी "काय म्हणालीस?" असं तीनदा विचारलं.

तिसऱ्या आठवड्यात ते मेट्रोच्या खांबांखाली असलेल्या सुयश मंडलच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. सल्ला मागायला नव्हे, बारीक पेचकस विकत घ्यायला. सुयशने विचारलं म्हणून सांगितलं, माउसच्या बटणात तेल घालायचं आहे. सुयश घाबरून म्हणाला, "तेल देबेन ना, मेसोमोशाय. स्पिरिट दिए मुछे निन." तेल घालू नका, काका, स्पिरिटने पुसून घ्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. खांबेट्यांनी त्यांच्यादेखत आपले दोन्ही हात पुढे केले आणि विचारलं, "या हातांवरून तुझ्या वजनाच्या हजारपट तेल गेलंय. तू मला तेल शिकवणार?" सुयशने पेचकस कागदात गुंडाळून दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी विजयाबाईंच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी कोरडी ठणठणीत निघाली. मग खांबेट्यांनी मोरीतल्या फळीवरची खोबरेलाची बाटली उचलली. मराठी घरात खोबरेल डोक्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला चालतं. शेजारच्या बंगाली घरात तेच काम मोहरीचं तेल करतं, आणि खांबेट्यांच्या मते बंगाली लोकांच्या दारांना म्हणूनच वास येतो. त्यांनी माउस उघडला. डाव्या बटणाखाली हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी डबी होती, तिच्या डोक्यावर बारीकसा खुंट. उदबत्तीच्या काडीच्या टोकाने त्यांनी त्या खुंटाच्या फटीत खोबरेलाचा एक थेंब सोडला. मग आणखी एक. कंजूषपणा त्यांना वस्तूंच्या बाबतीत आवडत नसे.

माउस सुधारला! एकदा दाबावं, एकदाच व्हावं, आणि तेही लोण्यासारखं मऊ. खांबेटे संध्याकाळी मुद्दाम सुयशच्या दुकानावरून गेले आणि फुटपाथवर उभं राहून त्यांनी आत बोट नाचवून दाखवलं. मंडळाच्या कोजागरीला त्यांनी ही हकीकत चौघांना सांगितली. चौघांपैकी एकाच्याही घरात म्हणे त्या वर्षी काही बिघडलेलं नव्हतं. त्या दिवसापासून दर शनिवारी खांबेटे माउसला एक थेंब खोबरेल घालू लागले.

जान्हवीचा विश्वास बसला नव्हता. नोव्हेंबरात तिने नवा माउस आणलाच आणि खोक्यासकट टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली असताना खांबेट्यांनी तो तसाच नेऊन दुकानात परत केला. संध्याकाळी ती टेबलाजवळ उभी राहून म्हणाली, "ओटा आमार छिलो." तो माझा होता.

"काय म्हणालीस?"

"माझा होता तो, बाबा. माझा. मी आणली होती ती वस्तू."

"आणि हा मी दुरुस्त केलाय. चालतोय की नाही? मग? बापाच्या कामावर अविश्वास दाखवायला पैसे खर्च करायचे?"

ती आत गेली. जेवायला आली नाही. खांबेट्यांनी तिचं ताट झाकून ठेवलं आणि झाकण जरा जोरात आपटलं, म्हणजे तिला ऐकू जावं.

डिसेंबरच्या शेवटी तिच्या कंपनीचं परिपत्रक आलं. पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवायची एक जागा निघाली होती. अर्ज ऑनलाइन, मुदत बारा जानेवारीला संध्याकाळी पाचपर्यंत. वयाची अट छत्तीस. जान्हवीला मार्चमध्ये सदतिसावं लागणार होतं. म्हणजे ही जागा मिळाली तर आत्ता, नाही तर या जन्मात नाही. खांबेट्यांना हे सगळं प्रिंटरवर राहिलेल्या कागदावरून कळलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, होता तसा ठेवून दिला आणि तिला एका शब्दाने काही विचारलं नाही.

सरळ सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. ही गेली की या घरात आपण आणि पंखे. आपल्याशी भांडणारंही कुणी उरणार नाही. ही भीती बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ती चिडचिड होऊन बाहेर येई. वरणात मीठ कमी, वर्तमानपत्राची घडी चुकली, खिडकी उघडी राहिली. रोज संध्याकाळी कचेरीतून आल्यावर जान्हवी तो अर्ज उघडी, वाचत बसे आणि बंद करी. खांबेटे मागच्या खुर्चीत बसून पेपरच्या वरून बघत. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी त्यांच्याने राहवलं नाही.

"जायचंय तर जावं माणसाने. मी काय कुणाच्या पायात पाय घालतोय?"

जान्हवीने मान वळवली. "राहा, असं कधी म्हणालात तुम्ही?"

"मी कशाला म्हणू? तू काय लहान आहेस?"

"नाही म्हणणार तुम्ही. फक्त अडवून ठेवणार."

याचा अर्थ विचारायला हवा होता. खांबेट्यांनी पेपर झटकला आणि पान उलटलं.

जानेवारीत त्या वर्षी चांगलाच गारठा पडला. कोलकात्याची थंडी ती काय, पण माकडटोप्या निघाल्या. खांबेट्यांच्या घरी दर हिवाळ्यात होतं तसं सकाळी अंघोळीच्या आधी खोबरेलाची बाटली दक्षिणेच्या खिडकीत उन्हाला ठेवली जाऊ लागली. आत तेल पांढरंफेक, चमच्याने खरवडावं असं. ऊन लागलं की अर्ध्या तासात विरघळे आणि मग डोक्याला लावता येई. हे काम खांबेटे स्वतः करत. दरम्यान माउसचं बटण जड झालं होतं. जान्हवीने दोनदा सांगितलं, दाबलं की लवकर वर येत नाही. खांबेट्यांनी बाटली उन्हातून उचलून, विरघळलेल्या तेलाचे, शनिवारची वाट न बघता, आणखी दोन थेंब घातले.

बारा तारखेला जान्हवीने अर्धी रजा टाकली. कचेरीत दहा जणांच्या डोळ्यांदेखत हा अर्ज भरायचा नव्हता, आणि तिची सगळी प्रमाणपत्रं घरच्या कॉम्प्युटरवर होती. कंपनीची ती साइट फोनवर उघडत नसे. तीन वाजता ती बसली. कॉम्प्युटर उत्तरेच्या खोलीत होता, तिथे दिवसभर ऊन येत नाही. साडेतीनपर्यंत नुसतीच बसून राहिली. मग तिने खांदे ताठ केले आणि लिहायला सुरुवात केली. मागे खांबेटे, हातात पेपर. त्यांना कळलं की तिचं ठरलं. ते म्हणाले, "पाय टेबलाला लावू नकोस, हलतं."

साडेचारला सगळं भरून झालं. शेवटी केंद्राचं नाव यादीतून निवडायचं होतं आणि अर्ज पाठवायचा होता. तिने बटण दाबलं. ते खाली गेलं आणि खालीच बसलं. तिने नखाने ते उचकटून वर काढलं, पुन्हा दाबलं. पुन्हा चिकटलं. पडद्यावर काहीच होईना. तिने माउस टेबलावर आपटला, फुंकर मारली, कीबोर्डच्या कळा दाबून पाहिल्या, पण ती यादी काही उघडेना. पावणेपाच झाले.

"दे इकडे," खांबेटे उठले.

"हात लावू नका."

"अगं दोन मिनिटांचं काम आहे—"

"हात लावू नका म्हटलं ना!" असं ओरडून ती उठली आणि जिना उतरून खाली घोषबाईंकडे धावली.

खांबेट्यांनी हात लावला. खिशातला पेचकस काढून त्यांनी माउस उघडला, आणि उघडला तसेच उभे राहिले. काळ्या डबीभोवती, खुंटाभोवती, फटीत, सगळीकडे पांढरं मेणासारखं थर धरून बसलं होतं. त्यांनी नखाने खरवडलं. नखात आलं ते त्यांनी नाकाशी नेलं. वास घ्यायची तशी काही गरज नव्हती. खोबरेल थिजलं होतं. बाटलीतलं रोज सकाळी थिजतं आणि ते रोज उन्हात ठेवतात, तेच खोबरेल, त्यांनी स्वतःच्या हाताने, अडीच महिने, थेंब थेंब. डेपोतल्या नळाला वाफ लागते हे चौतीस वर्षं लोकांना ओरडून सांगणाऱ्या माणसाने. त्यांना सुरेश माइतीचे जोडलेले हात आठवले. घरात कुणी नव्हतं, तरी त्यांनी मागे वळून पाहिलं आणि घाईघाईने माउसचं झाकण लावून टाकलं.

घोषबाईंच्या नातीचा माउस सापडायला वेळ लागला. जान्हवी वर आली तेव्हा पाचाला पाच कमी होते. तिने तो जोडला. तोवर साइटने तिला बाहेर काढलं होतं. पुन्हा नाव, पुन्हा पासवर्ड, पुन्हा फोनवर आकडे यायची वाट. आकडे आले ते पाच वाजून एक मिनिटाने. पडद्यावर एक ओळ आली, मुदत संपली आहे. जान्हवी त्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची फिरवली. खांबेटे तिथेच उभे होते, चट्टा पडलेला माउस दोन्ही हातांत धरून.

"काय झालं होतं त्याला?" तिने विचारलं. मराठीत. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

खांबेट्यांनी माउस पाठीमागे नेला.

"नवीन आणला तो परत केलात. हा सारखा उघडून बघत होतात. आजच कसा बंद पडला?" ती थांबली. "मुद्दाम केलंत ना?"

खांबेट्यांसमोर उत्तरं दोनच होती. खरं सांगायचं तर म्हणावं लागलं असतं, नाही गं, चूक झाली, तेल थिजतं हे मी विसरलो. म्हणजे आपल्याच तोंडाने ती पदवी आपल्याच गळ्यात घालून घ्यायची, जी चाळीस माणसांसमोर त्यांनी दुसऱ्याला दिली होती. आणि सुयश मंडल हसणार, मंडळ हसणार, घोषबाईंचा पंखा हसणार. मुलीचं आयुष्य समोर खुर्चीत बसलं होतं आणि या माणसाच्या डोक्यात हा हिशेब चालला होता. अशा माणसाची कीव करावी की त्याला दोन थोबाडीत द्याव्यात, हे ज्याचं त्याने ठरवावं.

"हो," खांबेटे म्हणाले. "मुद्दाम केलं."

जान्हवीने डोळे मिटले.

"आतली स्प्रिंग सैल केली," ते पुढे म्हणाले. एकदा खोटं सुरू केल्यावर ते नीट जुळवून देण्याची त्यांना सवय होती. "पुण्याला जाऊन काय करणार होतीस? इथे काय कमी आहे?"

ती उठली, घोषबाईंचा माउस काढून घेतला आणि परत द्यायला खाली गेली. बंगालीत नाही, मराठीत नाही, एक शब्द नाही. खांबेट्यांनी हातातला माउस कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बाहेर ठेवताना त्यात तो दिसला नाही, पण तो गेला कुठे याचा विचार करायची सवड त्यांना त्या दिवशी नव्हती.

त्यानंतर घर शांत झालं. जान्हवी वेळेवर येई, स्वयंपाक करी, दोन ताटं वाढी. भांडत नसे. खांबेट्यांनी मुद्दाम खुसपटं काढून पाहिली, आमटी तिखट आहे, दिवा चालू राहिला. ती "बरं" म्हणे. कधी कधी जेवताना ती हात थांबवून त्यांच्याकडे बघत राही, काहीतरी येईल म्हणून वाट बघावी तशी. खांबेटे ताटात बघत. एकदा तर तिने सरळ विचारलंही, "बाबा, काही सांगायचं आहे का तुम्हाला?" ते म्हणाले, "मीठ दे." मार्चमध्ये तिने नेहमीच्या बदलीचा अर्ज केला आणि नागपूरची कचेरी मिळाली. शिकवायचं काम तिथे नव्हतं. नुसत्या फायली.

एप्रिलच्या एका सकाळी टॅक्सी खाली येऊन थांबली. ऊन आठलाच चटके देत होतं. जान्हवीच्या मोठ्या बॅगेची चेन मध्येच अडकली आणि पुढे सरकेना. खांबेटे दारात उभे होते, ते लगबगीने आत गेले आणि खोबरेलाची बाटली घेऊन आले. "थांब, थेंबभर लावतो, सरकेल."

जान्हवीने बाटलीकडे पाहिलं. तेल पाण्यासारखं पातळ आणि स्वच्छ होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. मग बॅगेवरचा हात काढून सरळ उभी राहिली. "सुयशदाने उघडला होता तो माउस. मी त्याच रात्री डब्यातून काढला आणि दुसऱ्याच दिवशी नेला होता. मला दाखवलं त्याने. आत सगळं नारळाचं तेल थिजलं होतं. स्प्रिंग जागेवर होती, बाबा."

खांबेट्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"अडीच महिने वाट बघितली मी. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. चूक झाली, एवढंच. तुम्ही एवढं बोलला असता तर हा बदलीचा अर्ज मी केलाच नसता. मी राहिले असते."

चूक झाली. दोनच शब्द होते. सुरेश माइतीला ते सहज जमले होते. जान्हवी बघत होती. टॅक्सीवाल्याने खालून हॉर्न दिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे तर सुंभ स्वतःच काडी लावून घेत होता.

"त्या दुकानदाराला काय कळतंय," खांबेटे म्हणाले. "मी मुद्दामच केलं होतं."

जान्हवीने मान हलवली. अर्धवट उघडी बॅग तशीच छातीशी धरून ती जिना उतरली. खाली घोषबाईंचं दार उघडलं, दोघींचं बंगालीत काहीतरी बोलणं झालं, दार लागलं. खांबेटे बाटली घेऊन कठड्याशी उभे राहिले. टॅक्सीचं दार पहिल्यांदा लागलं नाही, आपटून पुन्हा लावावं लागलं. तीन मजल्यांवरून त्यांना ते स्पष्ट ऐकू आलं. बिजागरी कोरडी होती, तिला तेल हवं होतं.